माझ्या जीन्समधले दुसऱ्याचे गुडघे

“बाबा, तू माझी जीन्स घालतोस का?”

तोंड माझं होतं, पण प्रश्न माझ्या वर्गातल्या चिनात्सु आणि कोहारुचा. दुपारी डबा खाता खाता दोघींनी पैज लावली होती, की हा प्रश्न मी रात्रीच्या जेवणाला, आईसमोर, अजिबात न हसता विचारून दाखवायचा. “इबुकी विचारणार नाही, तिची हिंमतच नाही,” असं कोहारु म्हणाली आणि संपलंच. गेल्या वर्षीची इबुकी वर्गात खिडकी उघडू का एवढं विचारायलाही घाबरायची. या वर्षीची इबुकी कोणालाही काहीही विचारते.

बाबाच्या जेवायच्या काड्यांतला ऑक्टोपसचा तुकडा परत भाताच्या वाटीत पडला.

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. “घातली तर बरंच होईल गं! त्या तपकिरी पँटीतून तरी सुटतील. परवा बसस्टॉपवर कोणीतरी मला विचारलं, तुमचे मिस्टर रिटायर झाले का?”

“मी? छे,” बाबा म्हणाला. “मी कशाला घालीन?”

आणि त्याने कमळकाकडीचं लोणचं उचललं.

इथेच माझ्या डोक्यात घंटा वाजली. माझा बाबा गावातली बस चालवतो आणि चढणाऱ्या प्रत्येक शाळकरी पोराची टर उडवल्याशिवाय त्याला दिवस गेल्यासारखा वाटत नाही. अशा प्रश्नावर त्याने काय म्हणायला हवं होतं? “हो, आणि सोमवारी तुझा स्कर्ट घालून ड्युटीला जाणारे.” असलं काहीतरी. पण तो नुसता “छे” म्हणाला. आणि कमळकाकडीचं लोणचं? ते तो कधीच खात नाही. दातात अडकतं म्हणतो.

पैज मी जिंकले. पण झोपायला गेले तेव्हा पैज डोक्यात नव्हती, ते लोणचं होतं.

आता जीन्सचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही मुलगी एका पँटीसाठी घर डोक्यावर घेते आहे. घेते आहेच, पण कारण आहे.

आमच्या कोजिमात माणसाचा चेहरा नंतर बघतात, आधी गुडघे. इथे अर्धं गाव शाळेचे गणवेश शिवतं (आई त्यातलीच) आणि उरलेलं अर्धं जीन्स. खाडीजवळच्या गल्लीत तोकिए काकूचं दुकान आहे. ती दरवर्षी वसंतात एक स्पर्धा ठेवते. ज्यांना भाग घ्यायचाय त्यांनी तिच्याकडची एकाच कापडाची कोरी जीन्स घ्यायची आणि पुढच्या वसंतापर्यंत ती अंगावर झिजवायची. कापड धोट्याच्या जुन्या मागावरचं, अरुंद पन्ह्याचं, काठाला लाल दोरा असलेलं. पँटीचे पाय खालून दुमडले की तो लाल काठ बाहेर डोकावतो. आमच्याकडे त्याला ‘कान’ म्हणतात. माझ्या जीन्सचे कान लाल आहेत, असं मी म्हटलं तर गावात कोणी हसत नाही.

कोरी असताना ही जीन्स इतकी कडक असते की भिंतीला टेकवून उभी राहते. मग तुम्ही बसता, उठता, सायकल चालवता, आणि जिथे जिथे अंग वाकतं तिथली नीळ उडत जाते. मांडीवर फिक्या रेषा उमटतात, त्यांना मिशा म्हणायचं. गुडघ्यामागे मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी येते, तिला पोळं. खिशात रोज जे ठेवाल त्याचा चौकोन कापडावर उतरतो. वर्षाच्या शेवटी ती पँट म्हणजे तुमचा फोटोच झालेली असते, फक्त चेहरा नसलेला. म्हणून स्पर्धेचा नियम एकच: एक पँट, एक अंग.

ज्याचा पहिला नंबर येतो त्याला वसंताच्या सुट्टीत दोन आठवडे टेकडीखालच्या जुन्या गिरणीत जायला मिळतं. तिथे धोट्याचे माग अजून चालतात, आणि जिंकणाऱ्याला एका मागावर उभं राहून स्वतःचं कापड विणता येतं.

मला ते हवं होतं. अगदी पोटातून हवं होतं. लहानपणी त्या गिरणीच्या भिंतीला मी कान लावून उभी राहायचे. आत खडखड-खडखड, आणि भिंत माझ्या गालाखाली थरथरायची. मला विणकरीण व्हायचंय, हे मला तेव्हापासून माहीत आहे. घरी हा विषय निघाला की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतो. त्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, त्याच गिरणीत माग दुरुस्त करायचे. शेवटी शेवटी त्यांना हाक मारलेली ऐकू यायची नाही, पाठीवर थापच मारावी लागायची. “ते माग आता म्हातारे झालेत,” बाबा म्हणतो. “सुटे भाग मिळत नाहीत. एक बिघडला की दुसऱ्याचं हाड काढून त्याला लावतात.” मी ओकायामाला जाऊन फार्मसी करावी असं त्याला वाटतं. पांढरा कोट, शांत दुकान, कान शाबूत.

त्यामुळे ही जीन्सच माझा वकील होती. मी जिंकले तर कोण नाही म्हणणार?

अडचण एवढीच की शाळेत स्कर्ट. म्हणजे दिवसातला सगळ्यात चांगला वेळ माझी जीन्स खोलीतल्या खुंटीवर लटकून फुकट जायची. मग मी शाळेतून आल्याबरोबर ती चढवायचे, तिच्यातच अभ्यास, तिच्यातच सायकलवर धक्क्यापर्यंत चक्कर, तिच्यातच झोप. आई म्हणायची, “या पोरीचं लग्न त्या पँटीशीच लावून द्या.”

गेल्या महिन्यात सगळे आपापल्या पँटी दाखवायला दुकानात गेलो. तोकिए काकूने माझी उलटी करून, चष्मा कपाळावर सरकवून बघितली आणि म्हणाली, “अगं, उजव्या गुडघ्यामागचं पोळं काय सुंदर आलंय! उजव्या पायावर बसायला लागलीस वाटतं?”

मी नुसती हसले. सगळ्यांसमोर दुसरं काय करणार?

पण मी आयुष्यात कधी उजव्या पायावर बसत नाही. मी डावा पाय खाली दुमडून बसते, टेबलावर, बाकावर, कुठेही. लहानपणापासून ओरडा खाते त्यासाठी. माझं पोळं डाव्या गुडघ्यामागे खोल यायला हवं होतं. तसं ते होतंच. पण उजवीकडचं त्याहून सुरेख होतं, आणि नीट बघितलं तर दोन बोटं खाली होतं.

दोन बोटं खाली! मी घरी येऊन पट्टी लावली, घालून बघितली, काढून बघितली. माझा गुडघा जिथे वाकतो तिथे पोळ्याचा वरचा काठ येत होता, पोळं नाही. मांडीवर एक मिशी होती, ती पण माझ्या मांडीच्या वळणाशी जुळेना. म्हणजे या पँटीत दुसरंच कोणीतरी बसत होतं. खालचा गुडघा म्हणजे लांब मांडी. लांब मांडी म्हणजे माझ्यापेक्षा उंच माणूस.

आई माझ्या खांद्याला येते. आई बाद.

चिनात्सु बास्केटबॉल खेळते. माझ्यापेक्षा वीतभर उंच. कंबर माझ्याएवढीच. ती पण स्पर्धेत आहे. आणि या महिन्यात दोनदा मी घरी नसताना ती “भूगोलाची वही न्यायला” आमच्याकडे आली होती. भूगोलाची वही! चिनात्सुला हिरोशिमा कुठल्या दिशेला आहे ते सांगता येत नाही.

मी सापळा लावला. आमच्या जीन्सला चेन नसते, बटणं असतात. सकाळी शाळेला जाताना मी वरची बटणं लावली, खालची लावली, आणि मधलं एक मुद्दाम उघडं ठेवलं. संध्याकाळी आले तर मधलं लावलेलं. घालणाऱ्याने ती खुंटीवरून काढली, घातली, परत सगळी बटणं व्यवस्थित लावून खुंटीवर अडकवली. सभ्य चोर होता.

आणि त्या दिवशी चिनात्सु शाळेत नव्हती. दाताच्या डॉक्टरकडे गेले होते म्हणाली.

“कुठला दात?” मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

“मागचा.”

“दाखव.”

“वेडी आहेस का? जेवतेय मी.”

मग मी दोघींना सगळं सांगून टाकलं. अर्थात चिनात्सुवरचा संशय सोडून. सांगताना तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती भात चावत राहिली आणि म्हणाली, “घरचंच कोणीतरी असणार गं. तुझा बाबा उंच आहे ना? आणि असा सुकलेला पण.”

“बाबा?” कोहारु किंचाळली. “इबुकीचा बाबा तिची जीन्स घालून आरशासमोर!” आणि मग दोघी इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातली मुलं डोकावली. त्यातून पैज निघाली. मला मात्र वाटत होतं, की बाबाचं नाव पहिलं कोणी घेतलं? चिनात्सुने. चोर दुसरीकडे बोट दाखवतोच की.

म्हणून त्या रात्री प्रश्न विचारताना मला खरं तर उत्तर नकोच होतं. बाबा “हो, स्कर्ट पण” म्हणेल, सगळे हसतील आणि मी चिनात्सुच्या मागे लागायला मोकळी, असा माझा हिशेब होता. तो “छे” म्हणाला आणि हिशेब मोडला.

त्यात आईने भर घातली. भांडी घासताना ती नळाच्या आवाजात हळूच म्हणाली, “स्पर्धा होईपर्यंत बाबांना असले प्रश्न नको विचारूस.”

“का?”

“का म्हणजे? दमून येतात ते.”

“मग स्पर्धा झाल्यावर दमून येणार नाहीत का?”

आईने माझ्या हातात ओला वाडगा दिला. “पूस.”

आता घरातले दोघंही संशयित झाले. रात्री मी जीन्स पांघरुणात घेऊन झोपले. बाबा ती घालत असेल तर कशासाठी? एकच कारण सुचत होतं, आणि ते मला आवडत नव्हतं. मी गिरणीत जावं असं त्याला वाटत नाही. माझी पँट दोन अंगांची झाली, निकालाच्या दिवशी काकूच्या नजरेत आलं, तर मी बाद. आरडाओरडा न करता, टीव्हीचा आवाजही न वाढवता काम फत्ते. बस वळवतो तसंच, आरशात बघत बघत, कोणाला धक्का न लागू देता.

आपला बाबा असं करेल? नाही करणार, असं म्हणायला मला त्या रात्री बराच वेळ लागला. आणि म्हणून झाल्यावरही पटलं नाही.

परीक्षा सुरू झाल्या. परीक्षेच्या दिवसांत शाळा लवकर सुटते, पण मी घरी सांगितलं की वाचनालयात बसणार, संध्याकाळीच येईन. बाबाची त्या दिवशी दुपारची ड्युटी होती, म्हणजे सकाळभर तो घरी. इतिहासाचा पेपर मी कसा लिहिला ते विचारू नका. पेपर सुटला आणि मी सरळ घर गाठलं. बाबा नव्हता. खुंटी रिकामी होती.

बाबाची तपकिरी पँट मात्र नीट घडी करून माझ्या खुर्चीवर ठेवलेली.

घाबरले मी, खोटं कशाला सांगू. पण या वर्षीची इबुकी घाबरत का होईना, चालते. बाबाची चप्पलही जागेवर नव्हती. पायीच गेला असणार आणि या वेळेला पायी माणूस आमच्याकडे एकाच बाजूला जातो. मी धक्क्याकडे गेले.

धक्क्यावर वाळत घातलेले ऑक्टोपस होते, हिवाळ्यातले शेवटचे. दोऱ्यांवर आठही पाय ताणून, वाऱ्यात पतंगासारखे हलणारे. त्यांच्या मागे मी उभी राहिले. पलीकडे, बंधाऱ्याच्या भिंतीवर, माझा बाबा माझी जीन्स घालून उठाबशा काढत होता.

उठाबशा! खाली बसायचा, थांबायचा, तोंडाने काहीतरी मोजायचा, उठायचा. मग भिंतीवर बसला आणि एक पाय खाली दुमडला. उजवा. समोरून मला बघतो ना तो रोज, जेवताना. माझा डावा त्याला उजव्या हाताला दिसतो. बस चालवणारा माणूस, आरशात आयुष्य गेलं, आणि इथेच चुकला! मग त्याने मागच्या खिशात हात घालून काहीतरी नीट केलं. मासळीच्या वड्या ज्या लाकडी फळीवर चिकटून येतात ना, ती फळी. माझ्या फोनच्या आकाराची कापलेली. माझ्या फोनचा चौकोन तो फळीने गिरवत होता.

मी ऑक्टोपसांमधून बाहेर आले.

बाबा मला बघून उठायला गेला, पण दुमडलेल्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तो परत खाली बसला. “परीक्षा?” तो म्हणाला.

“माझी संपली. तुझी सुरू झाली.”

“थंडी आहे इबुकी. घरी जाऊन बोलू.”

“इथेच बोलू. कधीपासून?”

“थोडे दिवस.”

“पोळं थोड्या दिवसांत नाही येत, बाबा. मला शिकवू नकोस.”

“शरद ऋतूपासून,” बाबा म्हणाला. आणि मग गुडघ्यावर हात फिरवत, “छान आलंय पण. हो की नाही?”

“तू मला बाद करायला निघाला होतास!”

“बाद?” त्याचं तोंड खरंच उघडं राहिलं. “अगं वेडाबाई, मी तुला पुढे काढत होतो! तू दिवसभर शाळेत, पँट खुंटीवर. ते दुसरे, मोठी माणसं, दिवसरात्र घालून फिरतात. तो हार्डवेअरवाला तर शिडीवर चढून झिजवतो. तू रोज रात्री आईजवळ रडायचीस, मागे पडले, मागे पडले. मी ऐकायचो.”

“म्हणून तू घातलीस?”

“आमच्या घरात असंच आहे. कोरी पँट पोराला देत नाहीत. माझी पहिली जीन्स आली तेव्हा आजोबांनी ती आख्खा हिवाळा स्वतः घातली, गिरणीत. मऊ करून, तेलाचे डाग पाडून मग मला दिली. वर्गात माझीच पँट सगळ्यात भारी. कोणी म्हटलं नाही, की ही फसवणूक आहे.”

“ती स्पर्धा नव्हती! इथे नियम आहे. एक पँट, एक अंग.”

“एकच तर आहे,” बाबा म्हणाला. “तू काय दुकानातून आणलीस का? माझंच अंग ना तू?”

मी विरघळले. सांगायला लाज वाटते, पण पाच मिनिटं मी पूर्ण विरघळले. हा माणूस थंडीत, लोकांच्या नजरा चुकवून, पोरीच्या पँटीत उठाबशा काढतोय. मी त्याच्या शेजारी भिंतीवर जाऊन बसले, डावा पाय दुमडून. तो खाली समुद्राकडे बघत होता. समुद्रावरच्या पुलावरून एक गाडी गेली.

आणि मग माझ्या डोक्यातली ती घंटा परत वाजली. लोणच्याची.

“बाबा, एक मिनिट. मी गिरणीत जाऊ नये असं तुला वाटतं ना?”

“हं.”

“आणि मी जिंकले तर मी गिरणीत जाणार.”

“हं.”

“मग तू मला जिंकवतोस कशाला?”

बाबाने खिशातली फळी काढली, परत ठेवली, दुसरा खिसा चाचपला. बसमध्ये तिकीट नसलेला माणूस असाच खिसे चाचपतो.

“बाबा.”

“दोन आठवडे,” तो शेवटी म्हणाला. “दोनच आठवडे ना? तुला तो आवाज भिंतीबाहेरून माहीत आहे. आत उभी राहा एकदा. दुपारपर्यंत डोकं भणभणतं, संध्याकाळी कानात शिट्टी वाजते, अंगाला तेलाचा वास, केसात कापसाची धूळ. मी जायचो आजोबांना डबा द्यायला. मला माहीत आहे. दोन आठवड्यांनी तुझी तूच येऊन म्हणाली असतीस, बाबा, फार्मसीचा अर्ज कुठे मिळतो? मी नाही म्हटलं असतं तर जन्मभर माझ्या नावाने खडे फोडले असतेस. गिरणीनेच नाही म्हटलं असतं तर...”

“म्हणजे तुला मला जिंकवून हरवायचं होतं.”

“असं नको म्हणूस.”

“मग कसं म्हणू?”

बाबा भिंतीवरून उतरला. आम्ही घरी निघालो, तो पुढे, मी मागे. आणि चालताना मला त्याच्या पायांकडे बघावंच लागलं. प्रत्येक पावलाला ते उजवं पोळं उघडमीट करत होतं. निळ्यावर पांढरी, बारीक, एकसारखी जाळी. माझ्या डावीकडच्यापेक्षा कितीतरी सुंदर. काकूने सगळ्यांसमोर ज्याचं कौतुक केलं होतं ते. या पँटीतलं सगळ्यात देखणं जे होतं ते माझं नव्हतंच, आणि ते कोणाला कधी कळणारही नव्हतं.

आई कारखान्यातून दुपारच्या सुट्टीत जेवायला आली होती. दारात आम्हा दोघांना बघितलं, बाबाच्या पायांकडे बघितलं, आणि हातातला डाव तसाच धरून म्हणाली, “मी यांना म्हटलं होतं. ती पोरगी गुडघे वाचते, तिच्यापासून लपणार नाही.”

“तुला माहीत होतं?”

“फळी कोणी कापून दिली असं वाटतं तुला? यांना सरळ रेघ मारता येते का?”

“आई!”

“ओरडू नकोस, शेजारचे ऐकतात. अहो, ती पँट काढा आधी, वाट लावाल आणखी.” बाबा आत वळायला गेला, पण मी दार अडवून उभी होते. मग त्याने तिथेच, चपलांच्या शेजारी, बटणं सोडली आणि जीन्स माझ्या हातात दिली. आतमध्ये राखाडी लोकरी पायजमा होता, पोटऱ्यांवर सैल झालेला. मला हसू आलं आणि ते मी गिळलं. जीन्स गरम होती.

“हे बघ,” आई खालच्या आवाजात म्हणाली, “तोकिएला कळलं का? नाही कळलं. कळलं असतं तर ती तेव्हाच बोलली असती, तिच्या पोटात काही राहत नाही. रविवारी नेऊन दे गपचूप. जिंकशील. तुला हवं होतं ना गिरणीत जायला? मग कोणाचा गुडघा आणि कोणाचं काय, जाशील की.”

“आणि मला काही म्हणायचं नाही,” बाबा पायजमा वर ओढत म्हणाला. “दोन आठवडे जा. नंतर तू म्हणशील तसं.”

“नंतर मी म्हणेन तसं, की नंतर तुला जे वाटतं ते मी म्हणेन?”

“तेच ते.”

“तेच ते नाहीये, बाबा.”

मी जीन्सची घडी घातली. लाल कान आतल्या बाजूला गेले. दोन आठवडे. तीच तर चूक होती, आणि ती बाबाची नव्हती, माझी होती. ज्याला दोन आठवड्यांची परवानगी लागते त्याला दोन आठवड्यांत हाकलताही येतं. वर्षभर मी एका पँटीला माझ्या वतीने विचारायला पाठवत होते, आणि स्वतः मात्र एकदाही त्या गिरणीच्या दारातून आत गेले नव्हते. फक्त भिंतीला कान.

“आई, बाबा, दोघं ऐका,” मी म्हणाले. माझा आवाज जिन्यापर्यंत गेला असेल, शेजारच्यांपर्यंतही, जाऊ दे. “रविवारी मी ही जीन्स दुकानात नेणार आणि काकूला सांगणार, की ही दोघांनी झिजवलीय, माझं नाव काढा. हो आई, सगळ्यांसमोर. आणि तिथून मी टेकडीखाली जाणार, गिरणीच्या दारात उभी राहणार आणि विचारणार, दर शनिवारी मला कामाला घ्याल का? झाडायला, धोटे भरायला, काहीही. नाही म्हणाले तर पुढच्या शनिवारी परत जाऊन विचारणार. आणि शाळा संपली की मी रोज तिथेच जाणारे. फार्मसीचा अर्ज मी भरणार नाही. कानात बोळे घालीन, बाबा, ते वचन देते. पण मी विणणार आहे.”